प्रभुदासचा सेंटर फॉरवर्ड

प्रभुदास माझा पाठचा भाऊ. तेव्हा त्याला शिव्या घालायचा पहिला हक्क माझा. दुसऱ्या कुणी घातल्या तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन, हे आधीच सांगून ठेवते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय!

माझं नाव मरिया. नवरा वारला तशी मी भावाकडं नगरला आले, आणि वर्ष फिरायच्या आत त्याची बायको गेली. त्यांची मेरी तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायला लागली होती. ती माझ्याच हाताखाली वाढली. मिशन कंपाउंडात आमच्या दोन खोल्या. मी मिशनच्या दवाखान्यात आया. तिथं सिस्टर लोकांत राहून माझी बोली जरा सुधारली, प्रभुदासची काही सुधारली नाही. तो हायस्कुलात शिपाई होता. घंटा द्यायची, माठ भरायचे, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचं, ही त्याची नोकरी. पण त्याला कुणी विचारलं, काय करता, तर छाती काढून सांगायचा, "ग्राउंड सांभाळतो."

त्या ग्राउंडवर मॉर्निंग स्टार क्लबाचे फुटबॉलचे सामने व्हायचे. आम्ही सगळे नुसतं 'स्टार' म्हणायचो. निळे शर्ट, पांढऱ्या चड्ड्या. खेळणारे म्हणजे कुणी कारकून, कुणी मास्तर, कुणी नागापूरच्या फॅक्टरीतला कामगार. पण प्रभुदासच्या लेखी ते स्वर्गातून उतरलेले. सामन्याच्या दिवशी हा पहाटेच उठून चुन्याची फक्की घेऊन रेघा मारायला बसायचा. लग्नाच्या दारात रांगोळी काढावी तशा रेघा मारायचा. घरात चुलीला पोतेरं द्यायला सांगा, तेव्हा मात्र याची कंबर धरायची.

आणि स्टारचा खेळाडू कुठं रस्त्यात भेटला तर विचारूच नका. एकदा गोलकीपर सलूनमध्ये बसलेला दिसला. प्रभुदास सकाळीच दाढी करून बाहेर पडलेला. तरी पुन्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन दाढीला बसला. गाल सोलून घरी आला. एकदा माळीवाड्याच्या स्टँडवर लेफ्ट आउट पुणतांब्याच्या एसटीत चढताना दिसला, तर हाही चढला. त्याच्याशी बोलत राहुरीपर्यंत गेला. इकडं मी भाकरी टोपल्यात झाकून त्याची वाट बघत बसलेली. दिवेलागणीला आला तो हसतच.

"काय म्हनाला तो लेफ्ट आउट?" मी विचारलं.

"'जरा सरका' म्हनाला."

"अन् दुसरं?"

"दुसरं न्हाई. पन काय प्रेमानं म्हनाला, आक्का!"

मेरी हसून हसून ओणवी झाली. मीही हसले. खोटं कशाला सांगू, बायको गेल्यापासून त्या माणसाला हसायला दुसरं निमित्तच नव्हतं. तंबाखू नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. म्हटलं, असू दे एक खूळ. खूळ घराबाहेर होतं तोवर गोड होतं.

मेरी मॅट्रिक झाली ते साल एकाहत्तर. आमच्या मेट्रनबाईंचा तिच्यावर लोभ. त्यांनी मला बोलावून सांगितलं, पुढच्या जूनला नर्सिंगच्या शिक्षणात हिची जागा नक्की समजा. मी त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांना चहा पाजला. मी जन्मभर दुसऱ्यांची घाण उचलली. माझ्या मेरीच्या डोक्यावर पांढरी टोपी यावी, तिनं हातात सुई धरावी, एवढंच माझं मागणं होतं. मेरीलाही तेच हवं होतं. कंपाउंडात कुणाला कापलं, भाजलं, की ती पट्टी घेऊन धावायची.

आणि त्याच पावसाळ्याअखेर प्रभुदासला रस्त्यात आमोस भेटला.

आमोस म्हणजे स्टारचा सेंटर फॉरवर्ड. मूळचा सोनईकडचा, बाप लहानपणीच गेलेला, गावाकडं एक म्हातारी आई. उंच, काळासावळा, बोलायला कमी. पोरं त्याला 'तोफ' म्हणायची. नागापूरच्या एका फॅक्टरीत त्याला घेतलं होतं ते फॅक्टरीच्याही टीममध्ये खेळावं म्हणून. तर हा आमोस मनमाड रोडच्या कडेला दगडावर बसलेला, शेजारी सायकल आडवी पडलेली. प्रभुदास चुनखडी आणायला तिकडं गेला होता. त्यानं काय करावं? त्या तोफेला आपल्या सायकलवर बसवलं, त्याची पंक्चर सायकल पंक्चरवाल्याकडं टाकली, आणि स्वतः सीटला धरून, चालत, भर गावातून मिरवत आमच्या दारात आणलं. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "आमोस हाय, आमोस! आमच्याकडं चाललाय जेवायला!"

मी दारात उभी राहून बघते तर आमोसला सायकलवरून उतरताच येईना. उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. सायकल पंक्चर झाली म्हणून तो बसला नव्हता, पाय उचलेना म्हणून बसला होता. प्रभुदासनं एवढा रस्ता त्याच्याबरोबर कापला, पण गुडघा काही त्याला दिसला नाही.

मेरीला दिसला. तिनं पाणी तापवलं, मीठ घातलं, फडकं बुडवून शेकायला बसली. "कधीपासून दुखतंय?" तिनं विचारलं.

"लई दिस झालं," आमोस म्हणाला. "पानी झालंय आत. डॉक्टर म्हनत्यात, खेळू नको."

"मग?"

"न खेळून करू काय? फॅक्टरीत मला पायासाठी घेतलंय. मशीन कुठं चालवता येतंय मला."

मी कालवण वाढता वाढता ऐकत होते. प्रभुदासही तिथंच होता, पण तो आमोसला विचारत होता, गेल्या वर्षीच्या सेमीफायनलला तो दुसरा गोल डोक्यानं मारला की खांद्यानं. आमोस त्याला म्हणाला, "मामा, ते सगळं आता सपलं. हा सीझन झाला की माझं काय खरं न्हाई."

प्रभुदास माझ्याकडं वळून म्हणाला, "ऐक आक्का, ऐक! मोठी मानसं अशीच बोलत्यात. गर्वाचा लवलेश न्हाई!"

जेवण झाल्यावर प्रभुदासनं विचारलं, लग्नाचं काय? आमोस हसला. म्हणाला, "माझ्यासारख्याला कोन देतंय?"

"मी देतो," प्रभुदास म्हणाला.

आमोसला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मलाही तसंच वाटलं. पण प्रभुदासनं उठून डब्यातला गूळ काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. पोरगं गोंधळलं आणि त्यानं तो तोंडात टाकला. झालं! आमच्या भावाच्या हिशेबी तोंड गोड झालं, सोयरीक झाली. दुसऱ्या दिवशी कंपाउंडभर सांगून आला, आणि त्या आठवड्यात सोनईला जाऊन आमोसच्या आईचाही होकार घेऊन आला. त्या म्हातारीला तर सून आयतीच दारात चालून आलेली, ती कशाला नाही म्हणते?

मी त्या दिवशी भावाला जेवायला वाढलं नाही. म्हटलं, आधी बोल माझ्याशी.

"पोरीला इचारलंस?"

"तिला काय इचारायचं? आख्ख्या नगरात असा जावई कुनाला हाय?"

"अरे, त्याच्या तोंडानं तो सांगून गेला, गुडघा गेलाय म्हून. उद्या नोकरी गेली तर खायचं काय?"

तेव्हा प्रभुदासनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही घाण बोलले. "आक्का, टीम हरायला लागली म्हून आपन ग्राउंड सोडून घरी येतो का? मानूस पडता काळात हाय, तवाच त्याच्या मागं उभं ऱ्हायचं असतं."

"तू ऱ्हा ना मग उभा! पोरीला कशाला उभी करतोस? टीम न्हाई ही, लेक हाय तुझी!"

पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि तेच तर वाईट. तो लबाड असता तर मी त्याला सरळ केला असता. पण त्याला खरोखर वाटत होतं, आपण काहीतरी थोर करतोय. मेरीला विचारलं तर ती नखं कुरतडत म्हणाली, "आप्पा किती खुश आहेत गं, आत्या." बापाचं मन मोडायचं तिला कधी शिकवलंच नव्हतं. मी शिकवायला पाहिजे होतं की काय, मला माहीत नाही.

आता आमच्यात अशी रीत, की लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं पुकारतात. पास्टरसाहेब वाचून दाखवतात, आणि म्हणतात, या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्यानं आता सांगावं. सहसा कुणी काही बोलत नाही. पहिल्या रविवारी मी ओठ चावून बसले. दुसऱ्या रविवारी तसंच. त्या दोन्ही रविवारी आमोस फॅक्टरीच्या पाळीवर होता, देवळात आलाच नव्हता. तिसऱ्या रविवारी आला. पुरुषांच्या बाजूला मागच्या बाकावर बसला.

पास्टरसाहेबांनी नावं वाचली. हरकतीचं वाक्य वाचलं. आणि आमोस उठून उभा राहिला.

"माझी हाय," म्हणाला.

पास्टरसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही तर नवरदेव."

"व्हय. म्हून तर मला ठावं हाय." त्याला भाषण करायची सवय नाही, पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून तो बोलत होता. "माझा पाय गेलाय. नोकरी कधी जाईल त्याचा भरवसा न्हाई. पाय दुखला की मी पितो बी. ती पोरगी शिकायला निघालीय. तिला शिकू द्या. मामांना मी सांगून बघितलं, त्येंच्या ध्यानात येत न्हाई."

पेटी वाजवणाऱ्या बाईंनी हात मांडीवर घेतले. माझ्या मनात आलं, देवा, तू आहेस रे बाबा! मी मेरीचा हात धरला.

आणि तेवढ्यात माझा भाऊ उठला. तोंडभर हसत होता. "पास्टरसाहेब, तुमी काय मनावर घेऊ नका. मोठी मॅच असली की ह्यो असाच करतो. पेनल्टी घे म्हटलं की 'मला नको, मला नको' म्हनतो, आन् मारतो तवा गोलच मारतो!"

सगळं देऊळ हसलं. का नाही हसणार? पुरुषांच्या बाजूला निम्मे बसलेले स्टारचे पाठीराखे. कुणी मागून म्हणालं, "मार रे आमोस!" पोरंसोरं टाळ्या वाजवायला लागली. प्रभूच्या घरात टाळ्या! आमोस उभाच. त्याला बसावं की काय करावं ते कळेना.

मी बायकांच्या बाजूनं उठले. म्हणाले, "खरं बोलतोय तो! हसता काय?"

पास्टरसाहेब मला म्हणाले, "मरियाबाई, बसून घ्या." मग त्यांनी समजावून सांगितलं, की हरकत म्हणजे आधीचं लग्न झालेलं असणं, रक्ताचं नातं असणं, वय कमी असणं. गुडघा ही काही हरकत होत नाही. तेही हसू दाबत होते, मला दिसत होतं.

तरी मला आशा होती. पोरगा स्वतःच नको म्हणतोय, तर कोण बळजबरी करणार? संध्याकाळी मी मेरीला म्हटलं, "सुटलीस बाई. आता तूही नाही म्हण, म्हणजे झालं."

मेरी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, एवढ्या सगळ्या माणसांत माझ्या शिक्षणाचं तो एकटाच बोलला."

"अगं, म्हणून तर त्याचं ऐकायचं!"

"जो माझ्यासाठी उभा राहिला आणि सगळे त्याला हसले, त्यालाच मी नाही म्हणू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या बिचाऱ्यानं तिला सोडवायला तोंड उघडलं, आणि त्याच तोंडानं ती बांधली गेली. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन आमोसला निरोप पाठवला, मला चालेल. मग आमोस तरी कुठवर नाही म्हणणार? त्यालाही ती आवडलीच होती. गरम फडक्यानं त्याचा पाय शेकणारी आजवर दुसरी कोण भेटली होती त्याला?

बांगलादेशची लढाई संपली आणि जानेवारीत लग्न झालं. मी मेट्रनबाईंना तोंड दाखवलं नाही, दुसऱ्या आयेबरोबर निरोप धाडला की मेरी येणार नाही. मेरीनं नागापूरला कामगारांच्या चाळीत बिऱ्हाड मांडलं. खरं सांगते, पहिले दोन महिने बरे गेले. आमोस पगार तिच्या हातात द्यायचा. ती त्याला पिऊ द्यायची नाही.

लढाईमुळं दरवर्षीच्या कपाचे सामने पुढं गेले होते. मिलिटरीच्या टीमा परत आल्या तसे ते होळीच्या सुमाराला सुरू झाले. स्टार फायनलला पोचला तो आमोसशिवायच, आणि समोर मिलिटरीची टीम. डॉक्टरनं त्याला धावायचीच बंदी केली होती. फायनलच्या आदल्या दिवशी प्रभुदास लेकीच्या घरी गेला. मीही बरोबर होते, मेरीला लोणचं द्यायला.

"एवढी एक मॅच," प्रभुदास म्हणाला.

मेरी आडवी आली. "आप्पा, नका हो. पाय कायमचा जाईल त्यांचा."

"तू गप. तुला त्यातलं काय कळतंय?" आणि मग तो आमोसपुढं चक्क हात जोडून उभा राहिला. सासरा, आणि जावयाला हात जोडतो! "रं बाबा, आयुष्यात मी काय मागितलं तुला? तू नुसता उभा ऱ्हा ग्राउंडवर. तू दिसलास तरी ती मिलिटरी घाबरंल."

आमोसनं मेरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हातारा माणूस हात जोडून उभा. तो म्हणाला, "बरं मामा."

दुसऱ्या दिवशी मी पहिला आणि शेवटचा फुटबॉलचा सामना पाहिला. दुसऱ्या हाफमध्ये आमोसच्या पायाशी चेंडू आला, गोल समोर मोकळा, सगळं ग्राउंड उठून उभं राहिलं. त्यानं पाय टाकला आणि तो पडला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. जागच्या जागी पडला, आणि असा ओरडला की मिलिटरीचे शिपाईसुद्धा खेळायचे थांबले. मेरी पदर खोचून ग्राउंडवर धावली. आणि माझा भाऊ कडेला उभा राहून तिच्यावर ओरडतो, "अगं फक्की! फक्की पुसली!" तोंडातून निघून गेलं असेल, सवयीनं. पण निघून गेलं.

स्टार हरला. घरी येऊन प्रभुदासनं ताट सरकवून दिलं. "कुनी हात लावला न्हाई आन् पडला! गोल मोकळा व्हता, आक्का! मोकळा!"

"त्याचा गुडघा फुटला रे!"

"मन न्हवतं त्याचं खेळायला. मन असतं तर गुडघ्यानं काय व्हतंय?"

त्या दिवसापासून त्यानं आमोसचं नाव टाकलं. दवाखान्यात मी ड्यूटीवर, वरच्या मजल्यावर जावई पाय बांधून पडलेला, आणि सासरा घंटा वाजवून फाटकावरून सरळ घरी जायचा. पडत्या काळात मागं उभा राहणारा माझा भाऊ! मी तोंडावर बोलले त्याला. तर म्हणतो, "मी क्लबाचा हाय, आक्का. एका मानसाचा न्हाई."

फॅक्टरीनं पाय बघून आमोसला घरी बसवलं. चाळीतली खोली गेली. नागापूरच्याच माळावर पत्र्याच्या खोपट्यात ती दोघं राहायला लागली. त्यात बहात्तरचा पाऊस आला नाही. विहिरी आटल्या, माणसं गाव सोडून खडी फोडायला निघाली. मेरीही खडीवर गेली. जिच्या हातात मी सुई बघणार होते, तिच्या हातात हातोडी. आमोसला उकिडवं बसता येत नाही, तो रॉकेलच्या डब्यावर बसून फोडायचा. आणि संध्याकाळी प्यायचा. कुठून मिळायची कोण जाणे, पाण्याला वणवण पण दारू मिळायची. मेरीला मारलं कधी नाही त्यानं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पिऊन गप्प पडायचा.

मी सुट्टीच्या दिवशी रेशनच्या लाल ज्वारीचं पीठ, दवाखान्यातली थोडी सुकडी घेऊन जायची. एक दिवस मेरीकडं बघितलं आणि कळलं, हिला दिवस गेलेत. पोट पुढं आलेलं आणि बाकी नुसती हाडं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. ही रीत काय मी सांगायची? आणि माहेरच्या माणसानं येऊन न्यायचं असतं, पोरगी आपण होऊन येत नाही. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. सातवा लागलाय. दवाखाना दोन पावलांवर."

"आप्पा न्यायला येतील तेव्हा येईन," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर आले तर लोक म्हणतील, जावयाला टाकला आणि लेकीला तेवढी ओढून नेली. त्यांना काय वाटेल? बसल्या जागी मरतील ते." ते म्हणजे आमोस.

मग मी घरी येऊन भावाच्या मागं लागले. रोज. भाकरी वाढताना बोलायची, पाणी देताना बोलायची. "पोर खडीवर बसून बाळंत होईल रे! तुझी बायको असती तर?" तो मान खाली घालून ऐकायचा. "जातो," म्हणायचा. जायचा नाही. रविवारी पास्टरसाहेबांकडून सांगून झालं. शेजाऱ्यांकडून सांगून झालं. मेरीला आठवा संपत आला, ऊन तर असं की पत्र्याला हात लावला तर फोड येईल.

आणि एका शनिवारी संध्याकाळी प्रभुदास स्वतःच म्हणाला, "आक्का, उद्या सकाळी नागापूरला जाऊन येतो. मेरीकडं."

मला काय करू आणि काय नको असं झालं. आतली खोली सारवून काढली, खाट टाकली, जुन्या लुगड्यांची दुपटी धुऊन ठेवली. रविवारी देवळात न जाता सकाळीच पुढं निघाले, म्हटलं, तिचं आवरायला मदत होईल. मेरीला सांगितलं तर तिला पहिल्यांदा खरंच वाटेना. मग तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, लग्नातली साडी नेसली. आपले कपडे एका गाठोड्यात बांधले. आमोससाठी चार दिवसांच्या भाकरी थापून ठेवल्या. आमोसही शुद्धीत होता. तो म्हणाला, "मेरी, तू परत आलीस की मी दारू सोडून देईन. खरंच." ती त्याला म्हणाली, "बरं." खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

प्रभुदास ऊन चढल्यावर आला. सायकल खोपट्याला टेकवली. आमोस काठी घेऊन उठला. "सलाम, मामा."

"सलाम," प्रभुदास म्हणाला, आणि दारापुढच्या सावलीत पोत्यावर बसला. मेरीनं बिनदुधाचा चहा दिला. वर्षाहून अधिक दिवसांनी बाप घरी आला होता. बशीत बघत तो चहा फुंकत राहिला. मी म्हटलं, संकोच वाटत असेल, वाटू दे.

चहा पिऊन झाल्यावर त्याला कंठ फुटला. "नवा सेंटर फॉरवर्ड आलाय," तो आमोसला म्हणाला. "गोरक्ष म्हून पोरगं हाय, केडगावचं. काय पळतंय! काल मला बाजारात भेटलं, मी त्याला रस पाजला. आज दुपारी मॅच हाय त्याची. पन अनवानी खेळतं रं. पायात बूट न्हाई."

आमोस ऐकत होता. म्हणाला, "अनवानी नको. जमीन लई टणक झालीय."

"तेच तर! म्हून म्हटलं, तुझं बूट पडूनच असत्याल."

मला आधी समजलंच नाही. आमोसला समजलं. तो काठी टेकत आत गेला, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बूट घेऊन बाहेर आला, हातानं धूळ पुसली आणि प्रभुदासच्या हातात दिले. प्रभुदासनं ते उलटे करून पाहिले, नाड्या एकमेकींत बांधल्या, सायकलच्या हँडलला अडकवले.

मेरी गाठोडं घेऊन दारात उभी होती. "आप्पा," ती म्हणाली, "मी तयार आहे."

"कशाला?" प्रभुदासनं विचारलं. मग त्याचं लक्ष तिच्या पोटाकडं गेलं. "हां हां! नेतो की. नेतो ना. आज फक्की मारायची हाय गं, उशीर व्हईल. पुढच्या रविवारी येतो." तिच्या डोक्यावरून हात फिरवला, सायकलवर टांग टाकली आणि गेला.

मी त्याच्या मागं रस्त्यापर्यंत धावत गेले. तोंडाला येईल ते बोलले, बहिणीच्या तोंडी शोभत नाही असं सगळं बोलले. त्यानं वळून पाहिलं आणि हात वर केला. त्याला वाटलं, मी त्याला सलाम करतेय.

परत आले तर आमोस डब्यावर बसला होता. मला म्हणाला, "आत्या, मामांना सांगा, डाव्या बुटाचा खिळा वर आलाय. ठोकून घ्या म्हनावं, पोराच्या पायात जाईल." एवढं बोलून तो काठी घेऊन बाहेर पडला. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

मी मेरीला म्हटलं, "असल्या माणसाची कसली वाट बघतेस? लोक गेले खड्ड्यात. ऊठ, मी नेते तुला."

तिनं मान हलवली. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. गाठोड्याची गाठ सोडता सोडता म्हणाली, "आत्या, मी ते बूट मागंच मोडीत विकणार होते. बरं झालं, नाही विकले. विकले असते तर आप्पा आजसुद्धा आले नसते."

मी तिला खडीवर जायची साडी काढून दिली.